खाली बसा

‘विझलेलं चुलवाण’चा रिमेक चालला की पडला, हे आता शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चालला. तुफान चालला. पण तो पहिल्यांदा दाखवला त्या संध्याकाळी कोरेवाडीच्या माळावर नेमकं काय घडलं, ते तंबूतल्या हजारभर माणसांनी उघड्या डोळ्यांनी बघितलं आणि तरी त्यांना कळलं नाही. म्हणून सांगायचं.

मूळ सिनेमा एकोणीसशे एक्याऐंशी सालचा. भुताचा. गुऱ्हाळाचा मालक बायकोला उसाचा रस उकळायच्या काहिलीखालच्या धगधगत्या चुलवाणात ढकलतो, आणि मग हंगाम संपल्यावर विझलेलं चुलवाण आपोआप पेटायला लागतं, एवढीच गोष्ट. कोल्हापुरात आठवडाभरसुद्धा टिकला नाही. निर्मात्यानं कपाळाला हात लावला आणि होती ती एकुलती एक प्रिंट हिंदुराव खाड्यांच्या टुरिंग टॉकीजला देऊन टाकली. हिंदुराव म्हणजे तंबू, जनरेटर, प्रोजेक्टर आणि संसार असं सगळं एका ट्रकात घालून जत्रेमागून जत्रा करणारा माणूस. चार-पाच गावांत सिनेमा बरा चालला. कोरेवाडीच्या जत्रेत मात्र असा चालला, की माणसं घरी जायला भ्यायली. पडद्यावर एक सावली आली होती म्हणे. एका बाईची, अंबाडा घातलेली, आणि तिच्या गळ्यावर दोन हात. ना संवाद, ना संगीत. त्याला लोक पुढं ‘गळ्याचा सीन’ म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रिंट जळाली. चौदाच्या चौदा रिळं. निगेटिव्ह आधीच कुठल्यातरी लॅबमध्ये शिरलेल्या पुरात गेलं होतं. मागं राहिली ती संवादांची एक कॅसेट, आणि बघणाऱ्यांच्या आठवणी. जळाला म्हणून सिनेमा मोठा झाला. ज्यांनी बघितलाच नव्हता तेही गळ्याच्या सीनबद्दल लेख लिहायला लागले.

त्या प्रिंटबरोबर हिंदुरावांची बायकोही गेली. ती जळाली नाही. ती पळून गेली, तमाशाच्या फडातल्या ढोलकीवाल्याबरोबर. असं सगळे म्हणत. तिचं नाव यमुना. मागं पाच वर्षांची पोर ठेवून गेली, ती विजयमाला.

माला आता त्रेसष्ट वर्षांची होती. जन्मभर प्रोजेक्टर दुरुस्त केले, थिएटरांचे पडदे बसवले, हाताला तेल लागल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. लग्न झालं नाही. दोनदा ठरलं होतं आणि दोन्ही वेळा कुणीतरी पाहुण्यांच्या कानाला लागलं, ‘पोरगी चांगली हाय हो, पन आई कशी हुती ते इचारा की.’ शाळेत असताना मुली ढोलकीचा ताल धरून तिच्यामागनं चालायच्या. आईवर तिचा इतका राग होता, की घरात तिचा एक फोटोसुद्धा तिनं राहू दिला नाही. आणि बापावर तितकाच जीव. ज्या माणसानं दुसरं लग्न केलं नाही, स्वतःच्या हातानं पोरीच्या वेण्या घातल्या, वेणी वाकडी झाली तर सोडून पुन्हा घातली, त्याच्यावर जीव नसेल तर कुणावर असेल? हिंदुराव आता अठ्ठ्याऐंशीचे. चालता येत नव्हतं, ऐकू कमी यायचं, पण संध्याकाळ झाली की विचारायचे, “माले, पडदा बांधला का?” ती म्हणायची, “बांधला, आबा.” मग ते निवांत चहा प्यायचे.

दोन हजार एकोणचाळीस साली तन्मय गुळवणी नावाचा दिग्दर्शक तिच्या दारात आला. पुण्याचा, चाळिशीतला, बोलायला लाघवी.

“मालाताई, रिमेक करायचाय. पण मूळच नाही. तुम्ही नसाल तर आम्ही आंधळे.”

मूळ शोधायला त्यानं डॉक्टर नसीमा मुजावर यांना गाठलं होतं. नसीमा कोल्हापूरच्याच, मेंदूवर काम करणाऱ्या. त्यांचं यंत्र म्हणजे दिसायला एक अरुंद खाट आणि उशाशी टोपीसारखं एक जाडजूड कडं. म्हातारी माणसं तिला सरळ ‘आठवणीची खाट’ म्हणायची.

आपण एखादा चेहरा आठवतो, तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात, जिथं तो चेहरा पहिल्यांदा उमटला होता तिथंच, पुन्हा मंद हालचाल होते. जणू डोळा नसताना बघणं. ती हालचाल वाचून यंत्र चित्र काढतं. अडचण एवढीच, की आठवण ही काही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी आठवलं की मेंदू ती नव्यानं लिहितो, आणि लिहिताना पदरचं घालतो. म्हणून एका माणसाचं चित्र कामाचं नाही. पन्नास-साठ माणसांची चित्रं एकावर एक ठेवायची. ज्याचं त्यानं पदरचं घातलेलं निरनिराळं असतं, ते पुसट होत जातं. जे सगळ्यांनी खरोखर बघितलं ते गडद होतं. नसीमांचा नियमच होता, एकट्या माणसाची आठवण बाद.

मालाचं काम म्हणजे त्या माणसांना शोधून आणायचं, खाटेवर निजवायचं, कानाला संवादांची कॅसेट लावायची आणि हात धरून बसायचं. हिंदुरावाची पोरगी म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नव्हतं. त्र्याहत्तर माणसं मिळाली. बहुतेक कोरेवाडीची, काही आसपासच्या गावांतली.

पहिल्याच आठवड्यात नसीमा चक्रावल्या. निम्म्या आठवणींत नायक डावरा होता आणि गुऱ्हाळाच्या पाटीवरची अक्षरं उलटी. दोन दिवस त्यांनी यंत्राच्या तारा तपासल्या. तिसऱ्या दिवशी मालानं ऐकलं आणि ती खो-खो हसत सुटली.

“अहो डॉक्टर, यंत्र चांगलं आहे तुमचं. त्या बायका आहेत! गर्दीच्या जत्रेत आबा पडदा मधोमध बांधायचे. पुरुष इकडं, बायका पडद्यामागं. कापड पातळ, मागनंही चित्र दिसायचं, फक्त उलटं. आमच्याकडं बायकांना सगळा जन्म उलटंच दिसलं.”

नसीमाही हसल्या आणि बायकांच्या आठवणी सुलट्या करून घेतल्या. चित्र झपाट्यानं जुळत गेलं. गुऱ्हाळ, काहिल, हातात उसाचं चिपाड घेऊन उभा असलेला नायक. आणि एका दुपारी कॅसेटवर ढगांचा गडगडाट सुरू झाला, तेव्हा पडद्यावर हळूहळू ती सावली उमटली. अंबाडा. वर वळलेली हनुवटी. दोन हात. बाईचा एक हात हवेत काहीतरी धरायला बघतोय. मग मान कलली आणि सावली खाली घसरत पडद्याबाहेर गेली.

तन्मयच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “काय फ्रेम आहे! कॅमेरा हलत नाही, चेहरा दाखवत नाही. एक्याऐंशी साली आपल्या मातीत हे कुणाला सुचलं असेल?”

माला मात्र उठून पडद्याजवळ गेली. सीन भयंकर होता म्हणून नव्हे. सावली ज्या तऱ्हेची होती ती तिला ओळखीची होती. कडा मऊ, खालून वर आलेली. तंबूत माणसं जमिनीवर बसायची, आणि प्रोजेक्टर मागं पत्र्याच्या केबिनमध्ये, कमरेएवढ्या टेबलावर. कुणी मध्येच उठलं, की पडद्यावर अश्शी सावली पडायची आणि सगळा तंबू ओरडायचा, “ए, खाली बसा!” लहानपणी झोपेतसुद्धा तिनं ते ओरडणं ऐकलं होतं.

‘काहीतरीच’, तिनं स्वतःला दटावलं आणि ती कामाला लागली. पण एकदा टोचलेलं कुसळ बोट दाबलं की टोचतंच. चार दिवसांनी तिनं नसीमांना विचारलं, “हा सीन सगळ्यांनाच आठवतो?”

“एकसष्ट जणांना. अगदी स्वच्छ. अकरा जणांना अजिबात नाही. त्या जागी त्यांना फक्त पेटतं चुलवाण दिसतं. विसरले असतील, वय झालंय.”

“ते अकरा कुठले?”

नसीमांनी यादी काढली. अकराही जण बाहेरगावचे. कोरेवाडीच्या आधीच्या जत्रांत बघितलेले. आणि एकसष्टच्या एकसष्ट कोरेवाडीचे, त्याच एका खेळाचे. नसीमांची मान सावकाश वर आली. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. एकाच तंबूत सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट बघितली होती, आणि सगळ्यांनी ती सिनेमात धरली होती.

“एकसष्ट आणि अकरा, बहात्तर,” माला म्हणाली. “एक राहिलं.”

“ते बाद केलंय. हौसाबाई पोवार. त्यांच्या चित्रात पडदाच नाही, काहीतरी भलतंच आहे. एकट्याच आहेत त्या.”

“मला बघायचंय.”

नसीमांनी ते चित्र लावलं. डाव्या हाताला पडद्याची कड, उजळलेली. तिच्या बाजूनं पलीकडचा अंधार. पुरुषांची शेकडो डोकी, सगळी पडद्याकडं तोंड करून, म्हणजे इकडं. आणि त्या डोक्यांच्या पार मागं, केबिनपुढं दोरी बांधून मोकळ्या ठेवलेल्या जागेत, दिव्याच्या झोतापाशी दोन माणसं. बाईची पाठ. आणि तिच्यासमोर, झोताच्या जरा बाहेर, अर्धा उजळलेला, तिशीतला एक पुरुष. जाड भुवया. हनुवटीवर खळी.

रोज सकाळी माला त्या हनुवटीवरची दाढी करायची. खळीत वस्तरा जपून फिरवावा लागतो.

ती तशीच उठली आणि कोरेवाडीला गेली. हौसाबाई चौऱ्याऐंशीच्या, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मालाला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं. कशाला आली ते त्यांनी विचारलं नाही.

“कडंला बसलेवते मी, पडद्याच्या,” त्या म्हणाल्या. “ल्योक मांडीवर हुता, किरकिर करायचा. उठून भाईर जायाला बरं म्हनून. समद्या बाया पडद्याकडं बघत हुत्या. मला कडंनं पलीकडचं दिसलं. तुझी आई हुती गं ती. दुपारीच माझ्याकडनं पानी मागून प्याली हुती.”

“मग बोलला का नाहीत, आक्का?”

“न्हाई कशी? तवाच उठून वरडले, आरं मारतोय त्यो तिला! बाया म्हनल्या, खाली बस. नवऱ्यानं घरात आल्यावर थोबाडात दिली. शिनेमा बघून खुळी झाली म्हनला. दुसऱ्या दिशी गावात उठलं, खाड्याची बायकू ढोलकीवाल्यासंगं गेली. मग म्या बी म्हनलं, असंल बाई. हजार मान्सांनी शिनेमा बघितला, मी एकटी श्यानी का?” त्यांनी मालाचा हात धरला. “तुझ्या त्या खाटंवर पडले, तवा वाटलं, आता तरी कळंल कुनाला तरी.”

माला रडली नाही. तिला स्वतःचीच किळस आली. जिचा फोटो आपण फाडला, जिला मनातल्या मनात अठ्ठावन्न वर्षं शिव्या घातल्या, ती बाई आपल्याला टाकून गेलीच नव्हती!

संध्याकाळी तिनं आबांना भात कालवून भरवला.

“आबा, ते चुलवाणचं रीळ कसं जळालं?”

“दिवा तापला. पट्टी अडाकली. धडाधडा पेटलं समदं.”

“चौदाच्या चौदा?”

“व्हय.”

तिनं वाटी खाली ठेवली. चाळीस वर्षं ती मेकॅनिक होती. त्या काळातली फिल्म दिव्यानं पेट घेत नाही. अडकली तर दिव्यासमोरची एक चौकट वितळते, तिला फोड येतो, लोक शिट्ट्या मारतात, ऑपरेटर तुकडा कापून चिकटवतो. डब्यात बंद असलेली तेरा रिळं तर मुद्दाम आगीत घातल्याशिवाय जळणार नाहीत. हे तिला तोंडपाठ होतं. आणि बापाचं म्हणणंही तिला लहानपणापासून तोंडपाठ होतं. या दोन गोष्टी तिनं कधी शेजारी-शेजारी ठेवल्याच नव्हत्या. बापाच्या शब्दाला कोण मोजपट्टी लावतं? आज लावली, तेव्हा दिसलं, की सिनेमा पुढच्या गावी लागला असता तर ती सावली रिळात नाही हे उघडं पडलं असतं.

“आणि आई?”

“गेली की. लोकास्नी इचार, समद्यांनी बघितलंया.” त्यांनी तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी. तिनं घास दिला. न देऊन करणार काय?

पोलिसांत ती जाऊन आली. अधिकारी भला माणूस होता, चहा दिला. पण एक्याऐंशी साली बेपत्ता असल्याची तक्रार नाही, मृतदेह नाही, आणि जिथं तंबू उभा होता तो माळ चौपदरी रस्त्याखाली गेलेला. यंत्रातलं चित्र कोर्टात चालत नाही. का चालत नाही, तर तज्ज्ञांचाच निर्वाळा आहे, की एकट्या माणसाची आठवण भरवशाची नसते. तो निर्वाळा नसीमांनीच लिहिला होता. हे सांगताना त्यांना मालाकडं बघवेना.

राहिला तन्मय. तिनं त्याला सगळं सांगितलं. ऐकताना तो एकदा ‘बाप रे’ म्हणाला.

“तो सीन काढ,” ती म्हणाली. “ती माझी आई आहे.”

“मालाताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण तो सीन काढला तर सिनेमात उरतं काय? लोक त्याच्यासाठीच येणार आहेत. आणि खरं सांगू? खात्री कुठं आहे? एका आजींना दिसलं, त्यात तुम्ही वडिलांचा चेहरा बघितला. मनाचे खेळ असतात हो.”

“काढू नकोस तर मग सांग तरी लोकांना, की हे सिनेमातलं नव्हतं.”

“सांगितलं तर लोक म्हणतील, जाहिरात करतायत,” तन्मय म्हणाला. आणि यात तो खोटं बोलत नव्हता.

उलट त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. पहिला खेळ कोरेवाडीलाच करायचा. रस्त्याच्या कडेला उरलेल्या माळावर तंबू ठोकून, मधोमध पडदा, पुरुष इकडं आणि बायका तिकडं, थेट तेव्हासारखं. फक्त या खेळासाठी सिनेमा फिल्मवर छापायचा आणि मालानं दुरुस्त केलेल्या जुन्या प्रोजेक्टरवर चालवायचा. चालवायचा मालानंच. आणि खेळाआधी हिंदुराव खाड्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ.

त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती हो म्हणाली. नसीमांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, “कशाला जाताय? तुमच्यानं बघवेल का?”

“मला सिनेमा नाही बघायचा, डॉक्टर. मला आबांचं तोंड बघायचंय. तो सीन येईल तेव्हा.” तिनं चष्मा पुसला. “चित्र तुमच्या यंत्राचं. माणसाच्या तोंडावर जे येतं ते मला ओळखता येतं. ते नाही आलं, तर मी हौसाआक्कांना खोटं म्हणेन आणि आबांना मरेपर्यंत सांभाळेन. मला तसंच व्हावं असं वाटतंय. देवाशपथ वाटतंय.”

दिवेलागणीला तंबू भरला. कोल्हापूर-सांगलीहून गाड्या आल्या होत्या, कॅमेरेवाले आले होते. हिंदुरावांना फेटा बांधला होता. शाल पांघरली, नारळ हातात दिला, माणसं उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. म्हातारा लहान पोरासारखा हसला. मग म्हणाला, “मला पुढं नगं. माझी जागा केबिनपाशी.” त्यांची चाकाची खुर्ची दोरीच्या आत, केबिनच्या दाराशी लावली. झोताच्या जरा बाजूला.

मालानं दिवा लावला. यंत्र घरघरलं. याच आवाजात ती पाच वर्षांची असताना केबिनमध्ये गोणपाटावर झोपली होती, आणि बाहेर दहा फुटांवर ते घडत होतं.

सिनेमा चांगला केला होता, हे कबूल करायला हवं. चुलवाण पेटलं तेव्हा पडद्यामागून बायकांचा एकच चीत्कार आला. मग ढग गडगडायला लागले. मालानं पडद्याकडं पाठ केली आणि बापाकडं तोंड केलं.

सावली आली. अख्खा तंबू चिडीचूप.

हिंदुराव पडद्याकडं बघत होते. आधी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ऑपरेटरच्या, कुणीतरी मध्ये उठलंय म्हणून पडतात तशा. मग नारळ मांडीवरून घरंगळला. दोन्ही हातांनी त्यांनी शाल घट्ट आवळली.

“यमुने, खाली बस,” ते पुटपुटले. “उजेडात येतीयास. पडद्यावर पडतंय समदं. खाली बस म्हनतो न्हवं!”

माला त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसली. “आबा. का केलंत?”

त्यांनी तिच्याकडं बघितलं. ओळखलं. डोळ्यांत माया होती, तीच, वेण्या घालतानाची. “तुला घिऊन जाते म्हनली, माले. शाळंला घालते, आता तंबूत न्हाई ठेवत म्हनली. पोरगी माझी हाय. मी कशी दिऊ?”

ते इतकं सरळ आलं, की तिला क्षणभर काही वाटलंच नाही. मग कळलं. ढोलकीवाला नव्हता. कुणीच नव्हतं. आई तिला न्यायला निघाली होती, आणि म्हणून मेली. आणि ती प्रत्येक वेणी, प्रत्येक घास, तो सगळा जीव लावणं, त्या एका संध्याकाळच्या पापातून आलं होतं. मालानं ते अठ्ठावन्न वर्षं खाल्लं होतं. आता ते बाहेर काढायचं कुठून?

ती उठली. प्रोजेक्टर बंद करणं एका बोटाचं काम होतं. पण अंधार झाला असता तर लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या, एवढंच. ती दोरीच्या आत, मधोमध, जिथं तिची आई उभी होती तिथं जाऊन उभी राहिली. झोत तिच्या पाठीवर आला. पडद्यावर आईची सावली खाली घसरत होती, आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली. केस मोकळे सुटलेली, तंबूएवढी.

“हा सिनेमा नाही!” ती ओरडली. “ती माझी आई आहे! इथंच मारलंय तिला. या माणसानं मारलंय!”

पुरुषांच्या बाजूनं पहिल्यांदा एक किंकाळी आली. मग आणखी. पुढच्या ओळींत कुणीतरी मोबाइल वर केला. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. मागून पुढं, पुढून मागं, सगळा तंबू टाळ्या वाजवत होता. तन्मय दोरीपलीकडं तोंडावर हात धरून उभा होता. तो थांबवू शकला असता. त्यानं त्या टाळ्या ऐकल्या आणि काही थांबवलं नाही.

माला हात पसरून तशीच उभी राहिली. कुणी तरी म्हणावं, ए बाई, मध्ये आलीस. कुणाच्या तरी लक्षात यावं, की ही पडद्यावरची नव्हे, आपल्या मागं उभी आहे. एकानं, फक्त एकानं, मागं वळून बघावं. तिनं वाट बघितली. हजार डोकी पडद्याकडंच तोंड करून होती.

तेवढ्यात पडद्याच्या डाव्या कडेला काहीतरी हललं. कापड बाजूला सारून एक वाकलेली म्हातारी काठीवर उभी राहिली होती. ती पडद्याकडं बघत नव्हती. ती सरळ झोताकडं, मालाकडं बघत होती.

“आरं, खरी हाय ती!” हौसाबाई कापऱ्या आवाजात ओरडत होत्या. “मागं बघा रं! खरी बाई हाय ती! तवाची बी खरीच हुती!”

टाळ्या विरल्या. चार-दोन माणसं हसली. मग पुरुषांच्या गर्दीतून कुणीतरी वैतागून हाक दिली, आणि तिच्यामागून सगळा तंबू एका आवाजात उठला, तसाच, मालानं लहानपणी झोपेत ऐकला होता अगदी तसाच:

“ओ आजी, खाली बसा! दिसत नाहीये!”